जगाच्या तक्त्यावर ठाण्याची एक सहकारी बँक: प्रदेशनिहाय कार्यक्षमतेच्या तुलनेचे प्रकरण

ठाणे आणि नवी मुंबई मिळून 18 शाखा असलेल्या एका नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळापुढे, अंदाजपत्रकाच्या बैठकीत, एका संचालकांनी एकपानी तक्ता ठेवला. तक्त्यात जगाचे सहा प्रदेश होते, 2010 पासूनच्या वर्षांचे रकाने होते आणि प्रत्येक रकान्यात खर्च-उत्पन्न गुणोत्तर होते; म्हणजे 100 रुपयांचे उत्पन्न मिळवताना पगार, भाडे, संगणक आणि इतर कामकाजावर बँकेचे किती रुपये खर्च झाले, तो आकडा. तळाच्या ओळीत या बँकेचा आकडा होता, 58. चीनच्या मोठ्या सरकारी बँका 30 च्या आसपास होत्या. युरोपातील बँका बरीच वर्षे 60 च्या वर राहून अलीकडे झपाट्याने खाली आल्या होत्या. ठाण्याचा आकडा मात्र जागच्या जागी होता. संचालकांचा निष्कर्ष असा होता की जग कार्यक्षम होत असताना बँक थांबली आहे, आणि त्यावरचा त्यांचा ठराव असा होता की उत्पन्नाच्या मानाने सर्वांत जास्त खर्च असलेल्या नौपाडा आणि कोपरखैरणे या दोन शाखा बंद कराव्यात.

हे प्रकरण बँक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गासाठी रचलेले आहे. त्यातील बँक प्रातिनिधिक आहे आणि तिच्या नावावर घातलेले आकडे हिशेब समजावा एवढ्यापुरतेच आहेत. जगभरातील बँकिंगविषयी जे सांगितले आहे ते मात्र प्रत्यक्षातील आहे.

प्रश्न योग्यच होता, हे आधी नोंदवले पाहिजे. ठेवीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या संचालकाने आपला खर्च इतरांच्या तुलनेत कुठे आहे हे विचारणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि अनेक सहकारी बँकांच्या मंडळांत हा प्रश्न कधी निघतच नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी ठराव पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आणि तिघांचा अभ्यासगट नेमला: कर्ज विभागाच्या उपमहाव्यवस्थापक, हिशेब विभागाचे प्रमुख, आणि बँकेच्या एक सभासद, ज्या ऐरोलीतील एका परदेशी बँकेच्या सहायक केंद्रात जोखीम मोजण्याचे काम करतात.

छेदाची बाजू

अभ्यासगटाने पहिल्यांदा युरोपचा रकाना हाती घेतला, कारण सुधारणेचा सर्वांत मोठा दाखला तोच होता. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून 2014 मध्ये ठेवसुविधेचा दर, म्हणजे बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या पैशावरील व्याजाचा दर, शून्याच्या खाली नेला आणि जुलै 2022 पर्यंत तो शून्याच्या खालीच राहिला. त्यानंतर सप्टेंबर 2023 पर्यंत तो 4 टक्क्यांवर पोहोचला. दर चढले तेव्हा बदलत्या दराच्या कर्जांवरील आणि मध्यवर्ती बँकेत ठेवलेल्या पैशावरील व्याज लगेच वाढले, ठेवीदारांना द्यायचे व्याज मात्र सावकाश वाढले, आणि दोहोंमधील अंतर बँकांच्या उत्पन्नात जमा झाले.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने दिसतो. समजा, 1,000 कोटींची मत्ता (कर्जे, गुंतवणूक वगैरे मिळून) असलेल्या बँकेचे उत्पन्न 30 कोटी आणि कामकाजाचा खर्च 18 कोटी आहे, गुणोत्तर 60. दर चढल्यामुळे उत्पन्न 36 कोटी झाले आणि खर्च तेवढाच राहिला, तर गुणोत्तर 50. एकही कर्मचारी कमी झालेला नाही, एकही काम अधिक वेगाने होत नाही, आणि मत्तेच्या प्रमाणात पाहिले तर खर्च आधीही 1.8 टक्के होता व नंतरही 1.8 टक्केच आहे. युरोपात त्या काळात काहीच सुधारले नाही असा याचा अर्थ नव्हे; परंतु तक्त्यातील त्या घसरणीचा फार मोठा भाग छेदातून आलेला होता, अंशातून नव्हे.

जपानने हीच गोष्ट उलट्या बाजूने दाखवली. तेथे फेब्रुवारी 1999 पासून व्याजदर शून्यापाशी होते आणि 2016 पासून मार्च 2024 पर्यंत अल्पकालीन दर उणे राहिला. जपानी बँकांचा खर्च मत्तेच्या प्रमाणात मोजला तर तो जगातल्या सर्वांत कमी खर्चांपैकी एक ठरतो, पण कर्जांवरील आणि ठेवींवरील व्याजांमधले अंतरच इतके बारीक की खर्च-उत्पन्न गुणोत्तरात त्याच बँका मागे पडलेल्या दिसतात. एकच संस्था एका मापाने पहिल्या पंक्तीत आणि दुसऱ्या मापाने शेवटच्या पंक्तीत बसत असेल, तर त्या दोन मापांपैकी कोणते आपल्या प्रश्नाचे उत्तर देते हे आधी ठरवावे लागते. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील देशांत चित्र याहून निराळे आहे. मत्तेच्या प्रमाणात खर्च जड, व्याजातील अंतरही रुंद, आणि म्हणून गुणोत्तर काही वेळा सुस्थितीत. त्या सुस्थितीची किंमत कर्जदार मोजत असतो.

चीनच्या 30 या आकड्याने मंडळाला सर्वाधिक प्रभावित केले होते, म्हणून गटाने त्यावर सविस्तर टिपण दिले. चीनमध्ये कर्जावरील किमान दराची अट जुलै 2013 मध्ये आणि ठेवींवरील कमाल दराची अट ऑक्टोबर 2015 मध्ये उठवली गेली. त्याआधीच्या सगळ्या काळात ठेवीदाराला जास्तीत जास्त किती द्यायचे आणि कर्जदाराकडून कमीत कमी किती घ्यायचे, हे वरून ठरलेले होते, आणि बँकेचे उत्पन्न त्या दोन भिंतींच्या मध्ये सुरक्षित होते. शिवाय 1999 मध्ये चार मत्ता व्यवस्थापन कंपन्या स्थापून मोठ्या सरकारी बँकांची सुमारे 1.4 लाख कोटी युआनची बुडीत कर्जे त्यांच्याकडे वळवण्यात आली. तेव्हा त्यानंतरच्या वर्षांची मालिका काढणाऱ्याला बँका सुधारलेल्या दिसतात, पण त्या सुधारणेत सरकारने उचललेला भार किती आणि व्यवस्थापनाचे कौशल्य किती हे गुणोत्तर सांगत नाही. माझ्या मते प्रदेशांची तुलना करणाऱ्याने चीनचा आकडा आदर्श म्हणून वापरण्यापूर्वी एवढे तरी वाचावेच.

ब्राझीलचे उदाहरण गटातील हिशेब प्रमुखांनी आणले, आणि शाखांच्या प्रश्नासाठी तेच सर्वांत उपयोगी ठरले. प्रचंड महागाईच्या काळात तेथील बँकांकडे चालू खात्यांत पडून असलेल्या पैशावर व्याज द्यावे लागत नसे, आणि तोच पैसा चढ्या दराने गुंतवता येई. त्यामुळे शाखा जितक्या जास्त तितका बिनव्याजी पैसा जास्त, आणि प्रत्येक शाखा फायद्याची. जुलै 1994 मध्ये रेआल हे नवे चलन आले, महागाई कोसळली आणि ते उत्पन्न आटले. पुढच्या तीन वर्षांत बँको इकॉनॉमिको, बँको नॅसिओनाल आणि बामेरिंदुस या मोठ्या बँकांत मध्यवर्ती बँकेला हस्तक्षेप करावा लागला आणि नोव्हेंबर 1995 मध्ये बँकांच्या फेररचनेसाठी खास योजना आणावी लागली. 1993 मध्ये कार्यक्षम दिसणारी शाखा 1995 मध्ये ओझे ठरली. शाखेत काहीच बदलले नव्हते, बदलले होते ते भोवतालचे पैशाचे मोल.

ताळेबंद सारखे नसतात

छेद बदलून मत्ता घेतली म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. अमेरिकेतील बँका गृहकर्जे मोठ्या प्रमाणावर फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांना विकतात. कर्ज बँकेच्या शाखेत मंजूर होते, त्याचा खर्च बँक करते, पण कर्ज तिच्या ताळेबंदात उरत नाही. अमेरिकी हिशेबपद्धतीत डेरिव्हेटिव्ह व्यवहारांची (व्याजदर, चलन यांच्या चढउतारांवर बेतलेल्या करारांची) येणी-देणी परस्परांत वळती करण्याची जी मुभा आहे, ती आंतरराष्ट्रीय मानकांत बरीच आखडती आहे, म्हणून तशाच व्यवसायाची युरोपीय बँक मत्तेने मोठी दिसते. केनियात मार्च 2007 मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही पैसे पाठवण्याची सेवा सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीची; लोकांचे जे काम अन्यत्र बँकेच्या शाखेत मोजले जाते, ते तेथे बँकेच्या आकडेवारीच्या बाहेर होते. आणि आपल्याकडे जानेवारी 2020 पासून यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातील व्यापाऱ्याचे दिवसभराचे व्यवहार बँकेच्या संगणकावर खर्च टाकतात आणि उत्पन्नाच्या बाजूला काहीही टाकत नाहीत. या चार गोष्टी एका तक्त्यात शेजारी ठेवल्या की आकड्यांमधला फरक कार्यक्षमतेचा आहे असे म्हणणे धाडसाचे होते.

सीमारेषा कोणती

याच अडचणीतून संशोधकांनी गुणोत्तरे सोडून सीमारेषेचा मार्ग धरला. 1957 मध्ये फॅरेल यांनी मांडलेली कल्पना अशी की उपलब्ध साधनांत प्रत्यक्षात ज्यांनी सर्वाधिक उत्पादन काढून दाखवले त्यांची एक सीमारेषा आखावी आणि इतरांचे तिच्यापासूनचे अंतर मोजावे. 1978 मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ती रेषीय गणितात बसवली. 1984 मध्ये बँकर, चार्न्स आणि कूपर यांनी संस्थेच्या आकारमानाचा परिणाम वेगळा काढण्याची सोय केली. 1977 मध्ये दुसरी एक पद्धत पुढे आली होती, जी नशिबाचा आणि मोजणीतील चुकीचा भाग संख्याशास्त्राने बाजूला काढते. बर्जर आणि हम्फ्री यांनी 1997 मध्ये 21 देशांतील 130 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही वेगवेगळ्या पद्धतींचे निष्कर्ष नेहमी जुळत नाहीत हे स्पष्ट झाले होते.

प्रदेशांच्या तुलनेत खरा पेच पुढे येतो. फ्रान्स आणि स्पेनमधील बँकांना एकाच सीमारेषेवर तोलले तेव्हा स्पेनच्या बँका फारच मागे दिसल्या. डीत्श आणि लोझानो-विवास यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकवस्तीची घनता, उत्पन्नाची पातळी आणि बाजाराची रचना यांसारखे घटक हिशेबात घेतल्यावर ते अंतर बरेचसे मिटले. विरळ वस्तीच्या प्रदेशात शाखा चालवणे महागच पडते, आणि त्याचा दोष व्यवस्थापकाच्या माथी मारता येत नाही.

बॅटीस, राव आणि ओडॉनेल यांनी पुढे विकसित केलेल्या पद्धतीत म्हणूनच दोन अंतरे वेगळी काढतात. पहिले, संस्था आपल्या प्रदेशाच्या सीमारेषेपासून किती दूर आहे. दुसरे, त्या प्रदेशाची सीमारेषा सर्व प्रदेशांना कवेत घेणाऱ्या महासीमेपासून किती दूर आहे. सीमारेषेवरच्या संस्थेचा गुण 1 धरतात. बँकेचा स्वतःच्या गटातील गुण 0.80 आणि गटाचा महासीमेशी गुण 0.75 असेल, तर जगाच्या तुलनेत गुण 0.60 येतो. मंडळापुढे फक्त 0.60 ठेवला तर 40 टक्क्यांची तूट सगळीच बँकेची वाटते. वस्तुतः बँकेच्या हातातील भाग 0.80 मधला आहे. उरलेला भाग नियम, व्याजदर, वेतनमान, तंत्रज्ञानाची उपलब्धता अशा गोष्टींचा आहे. 1991 च्या सुमारास भारतीय बँकांना ठेवींच्या 38.5 टक्के रक्कम वैधानिक तरलतेसाठी (मुख्यतः सरकारी रोख्यांत) आणि 15 टक्के रोख राखीव म्हणून ठेवावी लागत असे. ज्या बँकेला निम्म्याहून अधिक पैसा ठरलेल्या जागीच ठेवायचा आहे तिची तुलना तसे बंधन नसलेल्या बँकेशी करून तिला आळशी ठरवणे हा अन्याय होता. आज वैधानिक तरलतेचे प्रमाण 18 टक्के आहे, म्हणजे काळाच्या ओघात दुसरे अंतरही बदलत असते.

काळाची तुलना करण्यासाठी माल्मक्विस्ट निर्देशांक वापरतात, ज्यात सीमारेषा स्वतः किती पुढे सरकली आणि संस्था तिच्या किती जवळ आली हे अलग होते. पण येथे मालिकेत कोण उरले आहे याची काळजी घ्यावी लागते. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या मध्यावर 14,000 हून अधिक व्यापारी बँका होत्या, आज सुमारे 4,000 आहेत. भारतात 2004 मध्ये 1,900 हून अधिक नागरी सहकारी बँका होत्या, आता 1,500 पेक्षा कमी उरल्या आहेत. दुबळ्या संस्था विलीन झाल्या किंवा बंद पडल्या की उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते. भारतीय व्यापारी बँकांच्या बाबतीत आणखी एक खाच आहे: 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने मत्तेच्या गुणवत्तेची तपासणी सुरू केल्यावर लपलेली थकबाकी उघड झाली, मार्च 2018 मध्ये ढोबळ थकीत कर्जांचे प्रमाण 11 टक्क्यांच्या पुढे गेले, आणि 2024 पर्यंत ते 3 टक्क्यांच्या खाली आले. थकबाकी वगळून केलेल्या मोजणीत 2012 ते 2014 ही वर्षे उत्तम दिसतात, जेव्हा खरे तर आजार वाढत होता.

नौपाडा आणि कोपरखैरणे

एवढे झाल्यावर अभ्यासगटाने जगाचा तक्ता बाजूला ठेवला आणि तीच पद्धत 18 शाखांना लावली. शेर्मन आणि गोल्ड यांनी 1985 मध्ये एका बचत बँकेच्या 14 शाखांवर हा प्रयोग केला होता, तेव्हा शाखांची संख्या कमी असणे ही अडचण नवी नव्हती. तीन-चार साधने आणि तेवढीच उत्पादने घेतली तर निम्म्या शाखा आपोआप सीमेवर बसतात, म्हणून गटाने दोन साधने आणि दोन उत्पादने एवढेच घेतले.

वादाचा मुद्दा ठेवींचा होता. सीली आणि लिंडले यांनी 1977 मध्ये मांडलेल्या दृष्टिकोनात ठेव हे साधन आहे. बँक ठेवी घेते आणि त्यांतून कर्जे घडवते. या हिशेबाने नौपाडा शाखा सर्वांत मागे पडली, कारण तेथे निवृत्त शिक्षक, जुने दुकानदार आणि पेन्शनधारक यांच्या ठेवींचा मोठा साठा आहे आणि कर्ज मागणारे थोडे आहेत. दुसऱ्या दृष्टीने ठेवीदाराला दिलेली सेवा हेच उत्पादन आहे. भट्टाचार्य, लव्हेल आणि सहाय यांनी 1986 ते 1991 या काळातील 70 भारतीय बँकांचा जो अभ्यास केला, त्यात ठेवी उत्पादनाच्या बाजूला होत्या, आणि त्यात सार्वजनिक क्षेत्रातील बँका सर्वांत पुढे आल्या. हा बदल केल्यावर नौपाडा शाखा सीमारेषेवर पोहोचली.

उपमहाव्यवस्थापक मॅडमनी येथे एक गोष्ट उघड केली जी मला या प्रकरणाचा गाभा वाटते. वागळे इस्टेटमधील कारखान्यांना आणि घोडबंदर रस्त्यावरील घरखरेदीदारांना जी कर्जे जातात, त्यांचा पैसा नौपाड्याच्या ठेवींतून येतो. त्या पैशाबद्दल नौपाडा शाखेच्या खात्यावर किती व्याज जमा करायचे हा अंतर्गत दर मुख्य कार्यालय ठरवते, आणि तो कित्येक वर्षांपूर्वी ठरवून तसाच राहिला होता. बाजारातून तेवढ्याच मुदतीचा पैसा उभारायला जे पडले असते त्याच्यापेक्षा हा दर बराच कमी होता. नौपाडा शाखेचे उत्पन्न कमी दिसत होते ते मुख्य कार्यालयातील एका जुन्या परिपत्रकामुळे. ती शाखा बंद झाली असती तर ठेवींचा एक भाग शेजारच्या मोठ्या बँकांकडे गेला असता आणि वागळे इस्टेट शाखेचे चांगले गुण त्याबरोबर गेले असते.

कोपरखैरणेची गोष्ट तितकी सोपी नव्हती. तेथे माथाडी कुटुंबांची लहान खाती पुष्कळ आहेत, रोखीचे व्यवहार जास्त आहेत आणि शिल्लक थोडी आहे. व्यवहारांची संख्या उत्पादन म्हणून धरल्यावर गुण काहीसे सुधारले, तरीही दोन्ही पद्धतींनी शाखा मागेच राहिली. गटाने ते तसेच लिहिले. त्याबरोबर केनियाचा दाखला जोडला: तेथे 2016 मध्ये कर्जाचा दर मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा जास्तीत जास्त 4 टक्के अधिक अशी मर्यादा घातली गेली, तेव्हा बँकांनी लहान कर्जदारांना देणे आवरते घेऊन पैसा सरकारी रोख्यांकडे वळवला, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये ती मर्यादा काढावी लागली. लहान ग्राहक सोडले की बँकेचा ताळेबंद हलका होतो, एवढे त्यातून कळते; ते ग्राहक कुठे जातात हे त्या ताळेबंदात नसते, आणि सहकारी बँकेच्या मंडळाला ते विचारात घ्यावे लागते.

मंडळाचा निर्णय

पुढच्या बैठकीत नौपाड्याचा ठराव मागे घेण्यात आला आणि अंतर्गत दर दर तिमाहीस बाजाराशी जुळवून ठरवण्याचे मान्य झाले. कोपरखैरणेत अर्धी जागा सोडून भाडे कमी करावे आणि वर्षाने पुन्हा मोजावे असे ठरले.

तक्ता मांडणाऱ्या संचालकांनी एक आक्षेप लेखी नोंदवला आणि तो रास्त आहे. परिस्थिती वेगळी आहे असे म्हणत प्रत्येक तूट झाकता येते, असे त्यांचे म्हणणे होते, 0.75 चे कारण बाहेर असेल, पण 0.80 चे काय? अभ्यासगटाने त्याचे उत्तर शाखांमध्ये न शोधता मुख्य कार्यालयात शोधले. राज्यातील तुलनीय आकाराच्या नागरी बँकांशी ताडून पाहता शाखांवरील खर्चात या बँकेचा फरक नगण्य होता. फरक होता तो कर्जप्रकरण मंजुरीच्या टेबलांवर आणि संगणक प्रणालीच्या खर्चात. एकच प्रकरण तीन विभागांत तीनदा तपासले जात होते. दोन तपासण्या एकत्र करण्याचा निर्णय त्याच बैठकीत झाला.

तंत्रज्ञानाच्या खर्चासाठी गटाने जगातील एकच तुलना योग्य मानली, जर्मनीतील सहकारी बँकांची. त्या शेकडो स्थानिक बँका आपापल्या गावापुरत्याच राहतात, पण त्यांची संगणक व्यवस्था अत्रुव्हिया या सामाईक संस्थेकडे आणि त्यांच्या गटाच्या शिखर बँकेचे काम डीझेड बँकेकडे आहे. भारतात नागरी सहकारी बँकांसाठी अशी शिखर संस्था, नॅशनल अर्बन को-ऑपरेटिव्ह फायनान्स अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, मार्च 2024 मध्ये कार्यरत झाली, आणि तिच्या सामाईक सेवा घेतल्यास खर्च किती उतरेल याचा अंदाज काढण्याचे काम मंडळाने त्याच संचालकांकडे सोपवले.

त्या अंदाजाच्या मांडणीवर मात्र गटात एकमत झाले नाही. हिशेब प्रमुखांच्या मते जर्मन स्थानिक बँकेचा एकटीचा ताळेबंद घ्यावा, कारण सामाईक संगणक सेवेचे शुल्क तिच्या खर्चात आधीच धरलेले असते. ऐरोलीच्या सभासदांच्या मते तसे केल्यास शिखर संस्थेकडून येणारा लाभांश उत्पन्नात राहतो आणि तो मिळवण्याचा खर्च बाहेर राहतो, म्हणून संपूर्ण गटाचा एकत्रित ताळेबंदच घ्यावा. पहिल्या वर्षी दोन्ही रकाने शेजारी ठेवून तक्ता करायचा, एवढ्यावर सध्या सर्वांनी सही केली आहे.